पिंजऱ्याचं सोंग

परवा पंगतीत मी तोंडघशी पडलो. तसा महिन्यातून एकदा मी पडतोच, घरच्यांना त्याची सवय आहे. पण या खेपेला पाहुणे होते, आणि पडलो तो थेट अमेरिकेत जाऊन.

माझा भाचा वसंता मुंबईच्या कॉलेजातून सुट्टीला जव्हारला आला होता. त्याच्या काखेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. आत अमेरिकेतल्या खेळांची जुनी माहिती: कोण कधी जिंकलं, कोणता नियम कसा आला, असली फुटकळ पण चवीची. ते पाहिलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. अख्ख्या जव्हार संस्थानात अमेरिकन खेळांचा जाणकार कोण, तर मी. वीसेक वर्षांपूर्वी असंच एक पुस्तक माझ्याजवळ होतं, आणि त्या बळावर मी तेव्हापासून लोकांना पिडत आलो आहे. वरणभाताचा घास हातात धरून मी सुरू झालो. वसंताने एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. उकिडवा बसलेला माणूस, तोंडाला लोखंडी पिंजरा, छातीवर गादी, एका हातात भाकरीएवढा फुगीर हातमोजा.

"हा होय!" मी म्हणालो. "हा त्यांच्याकडचा राखण्या. गावावर येणारं सगळं हा आपल्या अंगावर घेतो. आणि जे दिसलं ते कुणाला सांगायचं नाही म्हणून तोंडाला पिंजरा."

वसंताने पुस्तक स्वतःकडे वळवून घेतलं. मग मान खाली घालून म्हणाला, "मामा, हा राखण्या नव्हे. हा चेंडू धरणारा गडी. दांडूवाल्याच्या मागे बसतो. त्याचा फटका चुकला की चेंडू याच्याकडे येतो."

"आणि पिंजरा?"

"चेंडू तोंडावर बसू नये म्हणून."

पंगत हसली. माझी मेहुणी तर ठसका लागेपर्यंत हसली. वसंताने खालचा मजकूर वाचून दाखवला. पूर्वी हे गडी उघड्या तोंडाने बसत, दात पडत, नाकं मोडत. एका कॉलेजातला एक पोरगा भिऊन मागे बसेना. मग त्याच्या कप्तानाने तलवारबाजीची जाळी घेतली, तिला तारा लावून घट्ट केलं आणि दोस्तासाठी मुखवटा केला. दोस्त तो घालून मैदानात उतरला तेव्हा लोकांनी त्याची टर उडवली.

"म्हणजे मित्राने मित्रासाठी केला," मी म्हणालो.

"हो, मामा."

घास हातात तसाच राहिला. पुढचं जेवण मी कसं संपवलं आठवत नाही. मला चिंचोक्याच्या खळीचा वास येत होता.

तो वास दाभोशाच्या धबधब्याअलीकडच्या एका पाड्यावरचा. तिथे मी बावीस वर्षांचा असताना संस्थानचा मास्तर होतो. शाळा म्हणजे कारवीच्या कुडाची एक खोली. पावसाळ्यात कुडाला बुरशीचा आंबूस वास यायचा, उन्हाळ्यात शेणाचा कोरडा. नदी लांब असूनही वारा पडला की धबधबा कानाशी बोलल्यासारखा ऐकू यायचा. फाल्गुनात मोहाची फुलं पडायला लागली की मुलं शाळेत येत नसत. फुलं वेचणाऱ्या मुलांना दूरवरून हाका मारणं एवढंच मग माझं काम उरायचं. त्या हाका आणि तो गोड, किंचित सडका वास अजून माझ्या नाकाकानांत एकत्रच आहेत. एकाची आठवण काढली की दुसरं आपोआप येतं.

पुस्तक माझ्याकडे आलं ते जव्हारच्या पाहुण्यांच्या बंगल्यातून. कुणी अमेरिकन फोटोवाला तिथे महिनाभर राहिला होता. जाताना ते विसरला, नाहीतर टाकून गेला. खानसाम्याने ते डुगडुगणाऱ्या मेजाच्या पायाखाली घातलं होतं. मी मागितलं तेव्हा तो म्हणाला, "घेऊन जा मास्तर, पण बदल्यात एक वीट आणून द्या." मी वीट आणून दिली. माझ्या विद्येची किंमत तेव्हाच ठरली.

माझं इंग्रजी दोन बुकांचं. एका पानाला आठवडा लागायचा, त्यातही निम्मं अंदाजाने. पण चित्रं होती, आणि पाड्यावरच्या लोकांना दिवेलागणीच्या आधी ओट्यावर बसून कोडी घालायची रीत होती. मी त्या कोड्यांत अमेरिका मिसळली.

"टोपल्या टांगल्या भिंतीला, बूड त्यांचं शाबूत. दर खेपेला शिडी लावून गडी वर चढतो. ओळखा काय?"

म्हाताऱ्या म्हणायच्या मध, कुणी म्हणायचं आंबे. मग मी ऐटीत सांगायचो: खेळ! फळांच्या टोपलीत चेंडू टाकायचा, आणि पडला की शिडी लावून काढायचा. टोपलीचं बूड कापावं हे त्या लोकांना पुष्कळ दिवस सुचलंच नाही. हे ऐकून पाडा इतका खूश व्हायचा की अमेरिकेबद्दलची भीतीच गेली. ही तर आपल्यासारखीच माणसं!

एकदा सांगितलं, एका मोठ्या दिवाणखान्यात माणसं सहा सहा दिवस गोल चालतात, आणि जो जास्त चालेल त्याला बक्षीस. एक म्हातारी म्हणाली, "माझी लेक सूर्यमाळला दिली हाय. उन्हाळ्यात पान्यासाठी ती बी तशीच चालते. तिला कोन टाळ्या वाजवतो?" सगळे हसले. ती हसली नाही.

आणखी एक गोष्ट होती. दोन कॉलेजांच्या पोरांचा चेंडूचा खेळ, सुरुवातीला एकेका बाजूला पंचवीस पंचवीस. पुढे त्यात इतकी पोरं मेली की तिथल्या राष्ट्राध्यक्षाने कॉलेजवाल्यांना घरी बोलावून दम भरला.

"मंग खेळ बंद केला?" पाटलाने विचारलं.

"नाही. नियम बदलले."

पाटलाने बिडीची राख झटकली. "आमच्याकडं नियम नाय, मानूस बदलतात," तो म्हणाला. तेव्हा मला ते वाक्य नुसतं चटकदार वाटलं.

या सगळ्यांत पुढे येऊन बसायचा तो लहानू. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, बोटं चिंचेच्या शेंगांसारखी वाकडी, आणि त्याच बोटांतून बोहाड्याची सोंगं निघायची. आमच्या भागात बोहाडा म्हणजे वर्षाचं मोठं देवकार्य. लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून एकेक सोंग संबळाच्या तालावर गावातून नाचत येतं, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. लहानूच्या घरात त्राटिका होती. त्याच्या बापाने नाचवली, आज्याने नाचवली. शिवाय गावाचे फुटके मुखवटे तोच दुरुस्त करायचा. त्याच्या अंगणात चिंचोक्याची खळ रटरटत असायची, भिजलेल्या कागदाचा घमेलाभर लगदा असायचा, आणि ओळीने वाळत घातलेले देव आणि राक्षस आभाळाकडे तोंड करून पडलेले असायचे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. तो कमी बोलायचा. मी त्याचीही कसर भरून काढायचो.

त्या पिंजऱ्याच्या चित्रावर त्याचं बोट पडलं ते अशाच एका दुपारी.

"मास्तर, ह्यो कोन?"

चित्राखालच्या मजकुरावर मेजाच्या पायाचा वाटोळा खळगा उमटला होता. अक्षरं पार चिरडली होती. मला वाचता येईना. 'ठाऊक नाही' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण पाड्यावर सगळं ठाऊक असलेला मी एकटाच माणूस होतो, आणि ती गादी सोडायला मन होईना.

"हा त्यांच्या गावाचा राखण्या," मी म्हणालो, आणि पुढचं सगळं जागच्या जागी रचलं. गावावर येणारं तो अंगावर कसं घेतो, तोंडाला पिंजरा कशासाठी, हात एवढा मोठा का. रचताना इतका रंगलो की माझा मलाच विश्वास बसला.

लहानूने चित्र पुष्कळ वेळ पाहिलं. "बसलाय कसा बघा," तो म्हणाला. "पळनारा नाय ह्यो."

महिन्याभरात त्याने सोंग केलं. उंबराचं लाकूड कोरून डोकं, आणि तोंडापुढे बांबूच्या काड्यांचा पिंजरा, प्रत्येक काडी वेगळी तासलेली, वेताने विणलेली. पिंजऱ्यामागे डोळे होते. मी आजवर पुष्कळ देव पाहिले, पण इतके जागे डोळे पाहिले नाहीत.

नवं सोंग बोहाड्यात आणायचं तर पाटलाची परवानगी हवी. पाटील शाळेत आला. "मास्तर, ह्यो राखण्या पुस्तकात हाय ना?"

"आहे की," मी म्हणालो. चित्र होतंच. खोटं मी फक्त उरलेलं सांगितलं होतं.

बोहाड्यात त्याला शेवटची पाळी मिळाली. टेंभे विझत आलेले, करंजाच्या तेलाचा धूर जमिनीलगत, पूर्वेला फटफटलेलं. संबळ एकाएकी हळू झाला आणि लहानू तो पिंजरा लावून उकिडवा बसत, उठत, पुन्हा बसत आला. नाच असा नव्हताच. नुसतं वाट अडवून बसणं. बायकांनी पोरं पुढे केली, त्याने प्रत्येकाच्या डोक्यावर तो भला मोठा हात ठेवला. मी एका दगडावर उभा राहून बघत होतो, आणि मला माझाच अभिमान वाटत होता. आज तो दगड आठवला तरी पाय भाजतात.

त्याच वर्षी पाऊस संपता संपता ताप आला. मोठ्या लढाईच्या अखेरचा तो ताप, सगळीकडेच आला, पण पाड्याला काय ठाऊक सगळीकडे म्हणजे कुठे? भात शेतात उभं वाळलं, कापायला माणसं उठेनात. कुणाच्या घरात चूल पेटली नाही की शेजारी हाक मारायलाही धजत नसत. शाळेत माझ्यापुढे बसणाऱ्या चौदांतली नऊ परत आली. धबधबा मात्र नेहमीसारखाच बोलत होता. मला त्याचा राग यायचा.

थंडी पडल्यावर पाटलाने आंब्याखाली बैठक बोलावली. अंगात येणाऱ्या भगताने सांगितलं की परका राखण्या आणला म्हणून गावचा राखण्या देव रुसला आणि ताप आला. लहानूला उभं केलं. तो म्हणाला, "माझ्या मनचं नाय केलं. मास्तरांनी सांगितलं, पुस्तकात हाय." सगळी तोंडं माझ्याकडे वळली. ती आपली पोरं पुरलेल्या माणसांची तोंडं होती.

पाटलाने विचारलं, "मास्तर, राखण्या हाय असं तुमी बोलला?"

ओट्यावर बसून मी राष्ट्राध्यक्षाच्या गोष्टी सांगत होतो, पण त्या आंब्याखाली माझ्या तोंडाला आतून पिंजरा बसला. मी म्हणालो, "चित्र आहे पुस्तकात. राखण्या असं मी काही म्हणालो नाही. मला काय ठाऊक तो कोण!"

हेच वाक्य त्या दुपारी अंगणात म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं.

लहानूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मुखवट्याला तडा गेला की तो जसं बघायचा, कुठून कुठवर गेला आहे ते, तसं पाहिलं. मग मान खाली घातली. त्याने लबाडी कबूल केली असा त्याचा अर्थ धरला गेला. त्राटिका दुसऱ्या घराला दिली. ते सोंग नदीत सोडलं. पोरं त्याला 'पिंजऱ्या' म्हणून ओरडायला लागली, मग मोठेही. शिमग्याच्या आधी तो बायकोला घेऊन संस्थानाच्या हद्दीबाहेर सूर्यमाळला सासऱ्याकडे राहायला गेला. पुढल्या वर्षी माझी बदली जव्हारला झाली. पुस्तकाला वाळवी लागली.

आणि मी काय केलं? मी त्याची गोष्ट केली. बांबूच्या पिंजऱ्यातला अमेरिकन देव, ही गोष्ट मी गेली वीस वर्षं लग्नांत, मुंजींत, पंगतींत सांगत आलो. लोक पोट धरून हसतात. आंब्याखालची बैठक मी कधीच सांगत नाही, गोष्ट बोहाड्याच्या पहाटेला संपवतो.

वसंता गेल्यावर ती बैठक मी पहिल्यांदा बायकोला सांगितली. ती परसात वाल सोलत होती. तिने हात थांबवले नाहीत. एवढंच म्हणाली, "मग जा की सूर्यमाळला."

मोखाड्यापर्यंत सर्व्हिस मोटार मिळाली, पुढे पायी. चैत्र लागला होता. डोंगर पार वाळलेला, आणि वाटेवर बायका हंड्यांवर हंडे घेऊन ओळीने चाललेल्या. मला ते सहा दिवस गोल चालणारे आठवले.

लहानू अंगणात टोपली विणत होता. म्हातारा झाला होता. अंगणात एकही मुखवटा नव्हता, खळीचा वास नव्हता. त्याने मला ओळखलं, बसायला बांबूच्या माच्याकडे बोट दाखवलं, पाण्याचा तांब्या दिला. त्या गावात चैत्रातलं तांब्याभर पाणी म्हणजे काय ते मला घोटाघोटाला कळत होतं.

मी सगळं सांगितलं. तो माणूस खरा कोण, दांडूवाल्याच्या मागे कसा बसतो, चुकलेलं सगळं कसं धरतो. मित्राने मित्रासाठी जाळी कशी केली. आणि आंब्याखाली मी खोटं बोललो, तेही.

लहानू वेत विणत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे राखन्याच की."

"अं?"

"मागं बसून चुकलेलं अंगावर घेतो. मंग राखन्या नाय तर काय?" टोपली फिरवून घेत तो म्हणाला, "पन हे मला कशाला सांगता, मास्तर? मी खोटा नाय हे मला ठावं हाय. तिथं सांगा, आंब्याखाली. माझा नातू म्हनतो, आज्या, आपली त्राटिका कुठं गेली? त्याला काय सांगू?"

पुढच्या रविवारी पाड्यावर आंब्याखाली सोंगांचं वाटप होतं; मान पिढीजात असला तरी दरवर्षी तो बैठकीत पुकारून कायम करतात. मी गेलो. लहानूही आला होता. नातवाचा हात धरून, बैठकीच्या बाहेर, उन्हात उभा. जुना पाटील गेला होता. त्याचा मुलगा आता पाटील, माझ्याच हाताखाली बाराखडी शिकलेला. "बोला, मास्तर," तो म्हणाला, "लई दिसांनी आलात."

मी उभा राहिलो. पन्नासेक माणसं समोर. आणि भ्यालो की मी जे करतो तेच केलं. म्हटलं, आधी वातावरण जरा हलकं करू. खानसाम्याची वीट सांगितली. लोक हसले. टोपलीचं बूड सांगितलं. आणखी हसले. मग तो चेंडू धरणारा कसा बसतो ते दाखवायला मी स्वतः उकिडवा बसलो, एका बाईच्या हातातलं सूप तोंडापुढे धरलं, आणि माझा गुडघा वाजला. म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. मला त्या हशाची नशा चढत गेली. आंब्याखालच्या जुन्या बैठकीपर्यंत आलो तेव्हा हसू थांबतच नव्हतं, आणि मी ते वाक्यही सोंगाच्या आवाजात म्हटलं, "मला काय ठाऊक बाबा, तो कोण!" डोळे गरगर फिरवून. सगळे लोळले.

"म्हंजे आपला पिंजऱ्या चेंडू धरनारा व्हता!" कुणीतरी ओरडलं. "ए पिंजऱ्या, धर रं!" एकाने कच्ची कैरी त्याच्याकडे फेकली. मायेनेच फेकली. ती लहानूच्या छातीवर आपटून खाली पडली. नातवाने वाकून उचलली आणि आज्याकडे पाहिलं, हसायचं की नाही ते ठरवायला.

पाटील डोळे पुसत म्हणाला, "मास्तर, लई हसवलंत. चला, आता सोंगांचं बघू." नावं पुकारली गेली. त्राटिका गेल्या वर्षीच्याच घरात राहिली. मी तोंड उघडलं, पण संबळवाल्याने संबळ तापवायला घेतला होता. मी वळून पाहिलं तेव्हा उन्हात कुणी नव्हतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. सवयच ती, सांगता सांगता गुडघा वाजला तिथे थोडं थांबलोही, ती हसेल म्हणून. ती हसली नाही. सोललेले वाल तिने पाण्यात टाकले, हात पदराला पुसले.

"अहो," ती म्हणाली, "वाटप झालं तरी बोहाडा अजून व्हायचाय ना? मग उद्या परत जा. या वेळी उभं राहून एकच वाक्य बोला. आणि कुणी हसलं, तर समजा अजून सांगितलं नाहीत."